रॅक बदलायच्या आधी खटका बोटाला लागू द्या

कराडच्या एका शिक्षक वाचकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात देतो :

‘माझी पेट्रोल हॅचबॅक आहे. ४१,००० किलोमीटर झालेत. तीन वर्षांची वॉरंटी संपून पाच आठवडे झाले. गेले काही महिने फाटकातून रिव्हर्स घेताना स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की ‘खट्’ असा एक आवाज येतो आणि तो हाताला जाणवतो. खराब रस्त्यावर पुढून खडखड. आता हायवेला स्टीअरिंग सैल वाटायला लागलंय, दोन बोटं फिरवलं तरी गाडी वळत नाही. दोनदा अलाइनमेंट करून घेतलं, फरक नाही. वॉरंटीत असताना शेवटच्या सर्व्हिसला सांगितलं होतं, तेव्हा ‘सगळ्याच गाड्यांना येतो हा आवाज’ असं उत्तर मिळालं. आता तेच म्हणतात, पूर्ण स्टीअरिंग रॅक असेंब्ली बदला, मजुरीसह ३८,००० रुपये. गणपतीला चिपळूणला जायचंय, कुंभार्ली घाटातून. मुलं बरोबर असतील. काय करू?’

नमस्कार सर,

आधी घाटाचं सांगतो, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. हा खटका नेमका कुठून येतोय हे कुणीतरी गाडीखाली जाऊन, हात लावून शोधत नाही तोवर ही गाडी कुंभार्लीत उतरवू नका. हायवेला सुद्धा नको. गावातल्या गावात, हळू, तीही गॅरेजपर्यंत नेण्यापुरतीच चालवा. नुसती खडखड असती तर मी इतकं सांगितलं नसतं. पण तुम्ही ‘सैल’ म्हणताय. आवाज आणि सैलपणा एकत्र आले की थांबायचं.

आता ३८,०००चं. ते पैसे आज देऊ नका. रॅक खराब नसेलच असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही : रॅक खराब आहे हे त्यांनी कसं ठरवलं? गाडी रॅम्पवर घेतली का, कुणी खाली उभं राहिलं का, कोणता जोड हलतोय हे तुम्हाला दाखवलं का? नसेल दाखवलं, तर तो अंदाज आहे, आणि अंदाजाची किंमत तुम्ही का भरायची?

स्टीअरिंग व्हीलपासून चाकापर्यंत एक साखळी आहे. व्हीलखाली कॉलम, त्यावरच बऱ्याच छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगची मोटर असते. कॉलमच्या खाली, तुमच्या पेडलच्या जवळून जाणारा मधला शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस जॉइंट. खालचा जॉइंट रॅकच्या पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला, एका बोल्टने आवळलेला असतो. पिनियन फिरला की रॅक, म्हणजे आडवा दातेरी दांडा, डावी-उजवीकडे सरकतो. रॅकच्या दोन्ही टोकांना आतले बॉल जॉइंट, ज्यांना गॅरेजमध्ये रॅक एंड म्हणतात, आणि त्यांच्या पुढे चाकाजवळ टाय रॉड एंड. ह्यातली कुठलीही एक कडी ढिली झाली तरी हाताला लागणारा खटका जवळपास सारखाच. म्हणून नुसत्या आवाजावरून रॅक म्हणणं घाईचं.

ही चूक मी जवळून पाहिली आहे. विट्याचे एक गृहस्थ गाडी घेऊन माझ्याकडे आले होते. दुसरीकडे नवा रॅक बसवून पंधरा दिवस झाले होते आणि खटका होता तसाच होता. त्यांच्या मुलीला मी ड्रायव्हर सीटवर बसवलं, चावी फिरवून स्टीअरिंगचं कुलूप मोकळं करायला सांगितलं, आणि स्वतः टॉर्च घेऊन पेडलपाशी आडवा झालो. ‘अगदी थोडं, डावीकडे-उजवीकडे, टायर हलायच्या आत थांब,’ असं तिला सांगितलं. शाफ्टच्या खालच्या जॉइंटवर अंगठा ठेवला. ती हलवायची आणि माझ्या अंगठ्याखाली टिक्, टिक्. वरचा भाग फिरत होता, खालचा केसभर उशिरा फिरत होता. पाना लावला तर बोल्ट जवळजवळ अर्धा आटा आवळला गेला. आधीपासून तो ढिला होता की रॅक बसवताना राहिला, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. नवा बोल्ट बसवला, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळला, आवाज गेला. जुना रॅक बिचारा बहुधा चांगलाच होता. त्या गृहस्थांचा चेहरा मला आजही आठवतो, आणि तुमचं पत्र वाचताना मला तेच आठवलं.

म्हणून तुम्हीही आधी घरी थोडं बघा. त्याला ना हत्यार लागतं ना गाडीखाली जावं लागतं.

सपाट जागी गाडी उभी करा, चाकं सरळ. हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. स्टीअरिंगच्या कडेला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि समोर डॅशबोर्डवर एक पट्टी अशी धरा की खूण वाचता येईल. घरातल्या कुणाला तरी गाडीच्या बाजूला, चाकाच्या पुढे-मागे नाही, उभं करून पुढच्या टायरकडे बघायला सांगा. एका बोटाने स्टीअरिंग हळूहळू फिरवा. टायर हलला असं ते म्हणाले की थांबा, खूण करा. मग उलट दिशेने तसंच. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा ‘प्ले’. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ह्याची कमाल मर्यादा ३० मिलीमीटर दिलेली असते. तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा, त्यातला आकडा खरा. दोन बोटं म्हणजे ३५-४० मिलीमीटर होतात. तेवढा प्ले खरोखर आला, तर ४१,००० किलोमीटरला तो नैसर्गिक नाही, आणि तुमच्या हातात भावना नाही तर माप आलं. सर्व्हिस सेंटरला ‘सैल वाटतंय’ सांगणं वेगळं आणि ‘मर्यादा ३० आहे, माझं ३८ येतंय’ सांगणं वेगळं.

प्ले थोडाच आला, म्हणजे ५-१० मिलीमीटर, पण गाडी हायवेला तरंगल्यासारखी वाटते, असं असेल तर आधी टायरमधली हवा आणि चाकांचे नट तपासा. टायर अदलाबदल केल्यावर नट नीट न आवळलेली गाडी असाच खटका देते. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण सगळ्यात आधी करायचं.

मग आवाज वेगळा काढायचा. इंजिन चालू, गाडी जागेवर, स्टीअरिंग हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खिडकीच्या काचा खाली. दिशा बदलताना एकच खट् आणि तो हातात जाणवतो, तर संशय कॉलम, मधला शाफ्ट, रॅक किंवा टाय रॉडवर. काही गाड्यांत कॉलमवरच्या मोटरला जोडणारं एक छोटं रबरी कपलिंग असतं. ते झिजून तुकडे झालं तरी अगदी असाच खटका डॅशबोर्डखालून येतो, आणि ते कपलिंग रॅकच्या मानाने फार स्वस्त असतं. तुमच्या गाडीत ते आहे का, हे विचारून घ्या. आवाज ‘टण्ण’ असा स्प्रिंग उडी मारल्यासारखा असेल, तर पुढच्या शॉकअपच्या वरचं माउंटिंग आणि बेअरिंग. बोनेट उघडून कुणालातरी स्टीअरिंग फिरवायला सांगितलं तर माउंटिंगच्या जागी स्प्रिंग अडकून सुटताना दिसते किंवा ऐकू तरी येते. गाडी वळत असताना, अॅक्सिलरेटर दिल्यावर लयीत कट्-कट्-कट् वाजलं तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबर बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं असतं. तुमच्या वर्णनात ते नाही.

आणखी एक छोटी चाचणी. मोकळ्या जागेत गाडी पायी चालण्याच्या वेगाने पुढे घ्या, ब्रेक दाबा. रिव्हर्स घ्या, ब्रेक दाबा. प्रत्येक वेळी खालून ‘धप्’ असा आवाज आला, तर लोअर आर्मचा, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, रबरी बुश गेलाय. आपल्याकडे पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी ह्या बुशचं रबर फाटतं, आणि मग ब्रेक मारताना चाकच किंचित मागे-पुढे सरकतं. ड्रायव्हरला ते सैल स्टीअरिंगसारखं वाटतं. खडखड फक्त खराब रस्त्यावर, विशेषतः एक चाक खड्ड्यात आणि एक बाहेर असताना येत असेल, तर बहुतेक वेळा स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक रॉड. ती स्वस्त असते आणि लवकर जाते. माझा अंदाज विचाराल तर तुमच्या गाडीत दोन वेगळे दोष असू शकतात : खडखड लिंकची, आणि खट् व सैलपणा स्टीअरिंगच्या साखळीतला. सर्व्हिस सेंटरने दोन्हींना मिळून एकच नाव दिलं असावं.

पॉवर स्टीअरिंगची मोटर किंवा सेन्सर बिघडल्याची शंका तुम्हाला कुणी घातली, तर डॅशबोर्डवर स्टीअरिंगचा दिवा लागतो का तेवढं पाहा. मदत बंद पडली की स्टीअरिंग जड होतं, सैल होत नाही. आणि व्हील उघडून बघायचा मोह टाळा. आत एअरबॅग आहे.

अलाइनमेंटबद्दल. दोनदा केलंत आणि फरक नाही, हे बरोबरच आहे. अलाइनमेंट चाकांचे कोन जुळवतं, जोडांमधला खेळ, म्हणजे हाच प्ले, काढत नाही. उलट जोड ढिला असताना मशीनवर आलेले आकडेच भरवशाचे नसतात. तपासणारा माणूस आधी खाली वाकून बॉल जॉइंट हलवून बघतो आणि मगच मशीन लावतो. तुमच्याकडे दोन्ही वेळा तसं झालेलं दिसत नाही, ह्याचं मला वाईट वाटतं. तिसऱ्यांदा करू नका, दुरुस्तीनंतर मात्र करावंच लागेल.

आता खरी तपासणी. कराडात पिट किंवा रॅम्प असलेला, सस्पेन्शनचं काम करणारा एखादा स्वतंत्र मेकॅनिक गाठा. त्याला म्हणा, ‘काम आज करायचं नाही, फक्त प्ले कुठे आहे ते शोधून मला दाखवा, तपासणीचे पैसे देतो.’ हे वाक्य महत्त्वाचं आहे. ज्याला फक्त शोधण्याचे पैसे मिळतात, तो शोधतो. तुम्ही तिथेच उभे राहा.

गाडी पिटवर, चाकं जमिनीवर असतानाच पहिली तपासणी व्हायला हवी. तुम्ही सीटवर बसून स्टीअरिंग थोडंथोडं हलवायचं, तो खाली प्रत्येक जोडावर हात ठेवून बघेल : शाफ्टचा जॉइंट, पिनियनपाशी रॅकचं घर, रॅकचं दुसऱ्या टोकाचं बुश, दोन्ही रॅक एंड रबरी बूट दाबून, दोन्ही टाय रॉड एंड. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथेच दोष. त्याला सापडलं की जागा बदला. तुम्ही खाली उतरा, तो स्टीअरिंग हलवेल आणि तुम्ही स्वतः बोट लावा. त्या खटक्याची ओळख एकदा बोटाला पटली की पुढे कुणी काहीही सांगितलं तरी तुमची फसगत होणार नाही. रॅक एंडच्या बूटातून तेल गळतंय किंवा ते फाटून आत चिखल गेलाय का, हेही बघून घ्या.

मग पुढची बाजू जॅकवर, पण खाली स्टँड लावून. नुसत्या जॅकवर कुणालाही गाडीखाली जाऊ देऊ नका, मेकॅनिकला सुद्धा. चाक घड्याळासारखं धरायचं. ३ आणि ९ वर धरून हलवलं आणि खेळ आला, तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. १२ आणि ६ वर धरून आला, तर खालचा बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. ह्या दोघांतला फरक कळण्यासाठी तुम्ही आत बसून ब्रेक दाबून धरा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. लोअर आर्मचा बुश टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलवला की फाटलेलं रबर उघडं पडतं. लिंक रॉडची शंका असेल तर तो दोन्ही बाजूंच्या लिंक तात्पुरत्या सोडून बांधून ठेवेल आणि गल्लीत हळू एक चक्कर मारेल. खडखड गेली, म्हणजे उत्तर मिळालं. लिंक परत लावल्याशिवाय गाडी घरी नेऊ नका, वळणावर ती जास्त कलते.

समजा खेळ रॅकमध्येच निघाला. तरी एक प्रश्न विचारा : रॅक गाइडचं अॅडजस्टमेंट करता येतं का? पिनियनवर रॅक दाबून धरणारा, मागे स्प्रिंग असलेला एक ठोकळा असतो, आणि काही रॅकना त्याचा नट बाहेरून आवळता येतो. पण हे अंदाजाने करायचं काम नाही. जास्त आवळला तर वळणानंतर स्टीअरिंग स्वतःहून मध्यावर येत नाही, घाटात तेही धोक्याचं. मॅन्युअलमधली पद्धत माहीत असलेल्यानेच करावं. आणि रॅकचे दात किंवा बुशच झिजलेले असतील, तर मात्र सर्व्हिस सेंटर बरोबर होतं. रॅक बदलाच. तेव्हा पैसे देताना मनात किंतु राहणार नाही. फक्त बदलताना शाफ्टचा बोल्ट नवा घालायला आणि टॉर्क रेंचने आवळायला सांगा.

वॉरंटीकडे वळू. तुम्ही म्हणता, शेवटच्या सर्व्हिसला सांगितलं होतं. सगळं ह्या एका गोष्टीवर अडलंय : ते लिहिलं गेलं का? घरी सर्व्हिसचे कागद काढा. जॉब कार्डावर, म्हणजे गाडी देताना सर्व्हिस सेंटर भरतं त्या कागदावर, ग्राहकाची तक्रार लिहायची जागा असते. तिथे ‘स्टीअरिंगमध्ये आवाज’ असे दोन शब्द जरी असले तरी तुमची बाजू भक्कम आहे, कारण दोष वॉरंटीत असताना कळवला आणि तो तेव्हा दुरुस्त झाला नाही. जॉब कार्ड सापडत नसेल तर सर्व्हिस सेंटरकडे प्रत मागा. बुकिंग करताना अॅपवर काही लिहिलं होतं का, अॅडव्हायझरला व्हॉट्सअॅप केला होता का, तेही शोधा. तोंडी बोलण्याला तिथे फार किंमत मिळत नाही, पण त्या तारखेचा एखादा मेसेज मिळाला तर मिळेल.

मग कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेल करा, सर्व्हिस सेंटरला प्रत. रागाने लिहू नका, माहिती लिहा. साधारण असं : ‘वॉरंटी अमुक तारखेला संपली. त्याआधी अमुक तारखेच्या सर्व्हिसला ही तक्रार दिली होती, जॉब कार्डची प्रत सोबत आहे. त्यावर उपाय झाला नाही. आता स्टीअरिंगचा प्ले इतके मिलीमीटर आहे, मॅन्युअलमधली मर्यादा इतकी आहे. तपासणीत अमुक जोडात खेळ आढळला, व्हिडिओ जोडला आहे. हा सुरक्षेचा दोष असल्याने दुरुस्ती वॉरंटीखाली करून द्यावी.’ पुढे तडजोडीची वेळ आली तर ‘गुडविल’ हा शब्द वापरा. वॉरंटी नुकतीच संपलेल्या गाडीला कंपन्या कधी कधी पार्ट मोफत देतात आणि मजुरी ग्राहकाकडून घेतात. किलोमीटर कमी आणि सगळ्या सर्व्हिस वेळेवर झालेल्या असतील तर मागायला संकोच नको. मात्र रबरी बुश आणि लिंक ह्यांना झिजणारे भाग म्हणून बऱ्याचदा वॉरंटीतून वगळलेलं असतं. दोष तिथे निघाला तर वाद घालण्यात दिवस घालवू नका, बदलून मोकळे व्हा.

गाडीचा सतरा आकडी-अक्षरी चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलसाठी (दोष आढळल्याने कंपनीने गाड्या परत बोलावल्यात का ते) तपासा. रिकॉल असेल तर वॉरंटी संपली असली तरी दुरुस्ती फुकट होते. आणि कंपनीने दाद दिलीच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. पण त्यासाठी गाडी तशीच ठेवून बसू नका. आधी तपासणी, व्हिडिओ, लेखी निदान, ई-मेल आणि मग दुरुस्ती. स्वतः पैसे भरून केलीत तर जुना पार्ट मागून घ्या आणि बिलासकट जपून ठेवा.

दुरुस्ती झाल्यावर प्ले पुन्हा मोजा, तीच पट्टी, तीच जागा. अलाइनमेंट करा. मग गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर एकटे जाऊन या. पाटणपर्यंत जाऊन आलात आणि हाताला काही लागलं नाही, तर घाट उतरायला हरकत नाही. गणपतीच्या आधी हे सगळं जमलं नाही, तर यंदा मुलांना घेऊन एसटीने जा.

मोजलेलं माप आणि जॉब कार्डाचा फोटो मला पाठवा. दोष शाफ्टमध्ये निघो की रॅकमध्ये, काय निघालं तेही नक्की कळवा.